मारुती ८०० चं इंजिन घरी खोलून परत बांधायचंय? मग उद्यमनगरच्या लेथवाल्यांकडं जायच्या आधी हे वाचा

२०२१ च्या जुलैत कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी आमच्या बोळात शिरलं तेव्हा माणसं, म्हशी, गॅसच्या टाक्या सगळं वरच्या गल्लीत गेलं, मामाची मारुती ८०० तेवढी खाली राहिली. पाणी उतरल्यावर बोनेट उघडून डिपस्टिक ओढली तर ऑइलच्या जागी चहा, तोही दुधाचा. मामाला राहवेना म्हणून त्यानं तशीच चावी फिरवली, टक् करून एक आवाज आला आणि सगळं गप्प.

हाच पहिला धडा घ्या. पाण्यात बुडालेल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही, काही झालं तरी. पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग हजाराचं काम दहा हजारावर जातं. आमचं नशीब, दोन नंबरचा पिस्टन आधीच गंजून पकडला होता त्यामुळं इंजिन फिरलंच नाही.

मी मेकॅनिक नाही, दिवसभर लोकांचे हिशोब लिहितो. म्हणून इंजिन बांधताना सुद्धा वही ठेवली, आणि त्या वहीवरनंच हे लिहितोय. तुमची गाडी पुरात बुडालेली नसेल, नुसती धूर मारत असेल तरी पद्धत तीच आहे.

आधी खरंच इंजिन खोलायची गरज आहे का ते बघा. सकाळी चालू करताना निळा धूर येऊन थांबत असेल तर बऱ्याचदा नुसती व्हॉल्व्हची ऑइल सील गेलेली असतात, त्यासाठी अख्खं इंजिन उतरवणं म्हणजे डास मारायला तोफ. रेस केल्यावर सतत निळा धूर आणि दर आठवड्याला ऑइल टॉप अप, मग पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, झिजलेली. पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय, मग हेडचं, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचं, पॅकिंग. काळा धूर असेल तर कार्बोरेटर बघा, इंजिनाला हात लावू नका. खात्री करायला कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावा, तिन्ही सिलिंडरचे आकडे घ्या, एकमेकांत एक केजीपेक्षा जास्त फरक असेल तर कमी असलेल्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत घ्या. आकडा चढला तर रिंग-बोअर, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग. ही पाच मिनिटांची टेस्ट न करता इंजिन खोललेले लोक मी बघितलेत.

नवशिक्यासाठी ८०० सारखं इंजिन नाही. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बोअर ६८.५ मिमी, स्ट्रोक ७२ मिमी, ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, एकच कॅम आणि सहा व्हॉल्व्ह. डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत गाडी बनत होती, ओम्नीलाही हेच इंजिन, त्यामुळं पार्ट अजून कुठल्याही दुकानात मिळतात. हे सगळं मी जुन्या कार्बोरेटरवाल्या इंजिनाबद्दल सांगतोय, १२ व्हॉल्व्हवाल्या एमपीएफआयचं (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाल्याचं) हेड वेगळं असतं.

एक जण म्हणाला कशाला त्रास घेताय, भंगारातनं जुनं इंजिन आणून बसवा. बसतंय, पण ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो आणि तो आरटीओत जाऊन आरसीवर चढवून घ्यावा लागतो, नाहीतर पुढं इन्शुरन्स, विक्री सगळीकडं अडतंय. शिवाय त्या जुन्या इंजिनाच्या पोटात काय आहे कुणाला माहीत. आपला ब्लॉक आपणच वाचवायचा.

हत्यारं

१०, १२, १४, १७ च्या गोट्या आणि रिंग पाने, एवढ्यावर ८०० ची बरीचशी गाडी खोलते. फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या), रिंग कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह लॅपिंगची (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवायची) काठी आणि पेस्ट हे विकत घ्या, स्वस्त असतं. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं बोल्ट आवळायचा पाना) महाग वाटत असेल तर कुणाकडनं तरी दोन दिवस मागून आणा, पण त्याशिवाय इंजिन बांधू नका, अंदाजानं बोल्ट आवळणारे वस्ताद असतात पण त्यांच्या हातात तीस वर्षं असतात, आपल्या हातात तीन दिवस. चेन कप्पी मला एका मित्राच्या फौंड्रीतनं मिळाली, कोल्हापुरात असल्याचा हा एक फायदा, कुणाचा ना कुणाचा पाहुणा शिरोलीत नाहीतर गोकुळ शिरगावात कामाला असतोच.

आणि डबे. मिसळ पार्सलचे प्लॅस्टिकचे डबे धुऊन ठेवा, प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून लिहा, वॉटर पंप, चेंबर (खालचा ऑइलचा डबा), कॅम कव्हर. सगळे बोल्ट एका घमेल्यात टाकलेत तर बांधताना रडाल.

उतरवणं आणि खोलणं

बॅटरीची निगेटिव्ह काढा, कुलंट आणि ऑइल सोडा, बोनेट काढून बाजूला ठेवा, रेडिएटर, कार्बोरेटर, सायलेन्सरचा पाइप, ड्राइव्ह शाफ्ट, गिअरचं लिंकेज, माउंटिंग. प्रत्येक वायर आणि होज काढायच्या आधी मोबाइलवर फोटो, नंतर चिठ्ठी. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या दिसायला सगळ्या सारख्या असतात आणि एक चुकीची लागली की गाडी आयडलला नाचते, मग तुम्ही नव्या इंजिनाला शिव्या देत बसता. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच कप्पीवर वर घेतलं, मग खाली टायरवर ठेवून वेगळं केलं.

टाइमिंगच्या खुणा जुळवून फोटो काढल्याशिवाय बेल्ट काढू नका. हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे सैल करत यायचं, एकदम एक बोल्ट मोकळा केला तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. कनेक्टिंग रॉडच्या कॅप ज्याच्या त्यालाच, त्याच दिशेनं परत लागल्या पाहिजेत, रॉडवर आणि कॅपवर दोन्हीकडं नंबर टाका. मेन बेअरिंगच्या कॅपचंही तसंच.

आमचा दोन नंबरचा पिस्टन काय हलेना. बोअरमध्ये डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) अर्धं अर्धं ओतलं, कापड टाकून झाकलं आणि चार दिवस विसरलो. पाचव्या दिवशी सागवानाचा ठोकळा पिस्टनवर ठेवून हलक्या हातानं ठोकला, ठक, ठक, ठक, आणि मग आवाज एकदम बदलला, बोदा झाला, तेव्हा कळलं सुटला. पाचवा दिवस उगवायच्या आधी मी घण शोधत होतो हे कबूल करतो. घणानं पिस्टन फुटतो आणि बोअरला चरे पडतात, थांबा.

बोअरमध्ये एका बाजूला गंजाचा पट्टा, नखाला लागेल एवढा. बाकीचे दोन बोअर ठीक. बंद गाडीत असंच होतं, ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह त्या वेळी उघडा राहिलेला असतो त्यात पाणी शिरतं, बाकीचे वाचतात.

मोजायच्या आधी काही विकत घ्यायचं नाही

इथं माझे अकराशे रुपये गेले. उत्साहात जाऊन स्टँडर्ड रिंगांचा सेट आणला, म्हटलं रिंगा तर लागणारच. नंतर मोजमाप झाल्यावर कळलं की बोअर वाढवावा लागणार, म्हणजे पिस्टन मोठा, रिंगा मोठ्या. दुकानदारानं परत घेतल्या नाहीत, त्या अजून कपाटात आहेत.

मोजायचं कसं तर बोअर गेजनं प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली असा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, म्हणजे एका सिलिंडरचे सहा आकडे. वर-खालीत किंवा दोन दिशांत ०.१० मिमीच्या वर फरक आला तर बोअर मारावाच लागतो, म्हणजे सिलिंडर कापून मोठा करावा लागतो. व्हर्नियरनं हे होत नाही, बोअर गेज आणि मायक्रोमीटर पाहिजे, आणि ते विकत घ्यायची गरज नाही, उद्यमनगरात ब्लॉक घेऊन गेलात तर समोर मोजून देतात. तुम्ही फक्त वही काढून आकडे लिहून घ्या. वही काढली की समोरचा माणूस पण जरा नीट मोजतो, हा माझा धंद्यातला अनुभव आहे.

क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) तसेच मोजायचे, ओरखडे असतील तर ग्राइंडिंग आणि अंडरसाइज बेअरिंग. रॉड वाकलाय का ते तपासून घ्या, पुराच्या गाडीला तर नक्कीच. हेडवर स्टील पट्टी आडवी-तिरपी ठेवून खाली ०.०५ चं फिलर घालून बघायचं, गेलं तर हेड फेसिंगला द्यायचं.

उद्यमनगर

काय स्वतः करायचं आणि काय द्यायचं यातच सगळा पैसा आहे. खोलणं, धुणं, व्हॉल्व्ह लॅपिंग, बांधणं हे आपलं. बोअरिंग, होनिंग (बोअरला दगडानं बारीक रेघा मारणं), क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग हे त्यांचं. होनिंग घरी ड्रिलला दगड लावून करायचे व्हिडिओ असतात, नादाला लागू नका.

पहिल्या लेथवर गेलो तर त्यांनी ब्लॉक ठेवून घेतला आणि म्हणाले परवा या, पन्नासचा (म्हणजे ०.५० मिमी वाढवून) बोअर मारून ठेवतो. पिस्टन कुठले, कुठल्या मापाचे, काही विचारलं नाही. मी ब्लॉक उचलून बाहेर आलो. दुसरीकडं एक वयस्कर काका होते, त्यांनी ब्लॉककडं बघितलं पण नाही, पहिला प्रश्न, "पिस्टन आणलासा काय?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग कशावर मारू बोअर? आणा जावा आधी." हा माणूस धरा. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५ आणि ०.५० मध्ये मिळतात, पण खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरनं मोजून त्याच्या मापानं त्याचा बोअर मारायचा असतो, आणि कुठला पिस्टन कुठल्या सिलिंडरचा ते डोक्यावर लिहून ठेवायचं.

गंजाचा पट्टा २५ मध्ये निघत नव्हता म्हणून ५० मारला, तिन्हीला एकच माप ठेवावं लागतं. म्हणजे बोअर ६९ मिमी. घरी येऊन हिशोब केला तर ७९६ ची जवळपास ८०८ सीसी झाली, नावाप्रमाणं ८०० आत्ता कुठं पुरी झाली म्हणायची. पन्नासमध्येही निघालं नसतं तर स्लीव्ह (आत बसवायची नळी) घालून परत स्टँडर्ड करता येतं, ब्लॉक फेकून द्यायची वेळ सहसा येत नाही.

होनिंग झाल्यावर बोअरमध्ये तिरप्या रेघांची जाळी दिसली पाहिजे, आरशासारखा चकचकीत बोअर बघून खूश होऊ नका, त्या रेघांत ऑइल थांबतं आणि रिंगा बसतात.

अजून एक. काही ठिकाणी ब्लॉक कॉस्टिकच्या गरम टाकीत टाकून धुतात, मस्त निघतो. ॲल्युमिनियमचं हेड चुकून पण त्यात टाकू देऊ नका, कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. हेड केरोसीननं आणि ब्रशनं, हातानं.

व्हॉल्व्ह लॅपिंग घरी बसून निवांत करायचं काम आहे. पेस्ट लावा, काठी दोन्ही तळहातात धरून रवी फिरवल्यासारखी फिरवा, मधून मधून उचलून थोडी वळवा. व्हॉल्व्हवर आणि सीटवर सगळीकडून सलग राखाडी पट्टी आली की झालं. मग व्हॉल्व्ह बसवून हेड उलटं ठेवायचं, हेडमधल्या व्हॉल्व्हच्या खळग्यांत पेट्रोल ओतायचं आणि चहा पिऊन यायचं, अर्थात बिडी-काडी लांब ठेवून. पोर्टमध्ये ओल आली तर परत घासा.

धुणं

इंजिन फसतात ती इथं. होनिंगनंतर बोअरमध्ये दगडाची आणि बिडाची पूड राहते, डोळ्याला दिसत नाही, पेट्रोलनं पुसून जात नाही, उलट रेघांत अजून आत बसते. ती राहिली तर नव्या रिंगांना पॉलिश पेपर लावल्यासारखं होतं, हजार किलोमीटरमध्ये परत धूर. त्यामुळं गरम पाणी, भांड्याचा साबण आणि ब्रश. आमच्या अंगणातल्या धुण्याच्या दगडावर ब्लॉक ठेवून मी तीनदा घासला. ऑइलच्या सगळ्या गॅलऱ्यांतून बारीक बाटली-ब्रश घातला, नंतर हवा मारली. पांढरं फडकं ऑइलमध्ये बुडवून बोअर पुसायचं, राखाडी आलं की परत धुवायचं, पांढरंच्या पांढरं येईपर्यंत. मी त्यासाठी आईचा चांगला टॉवेल फाडला, त्यावरून जे ऐकून घ्यावं लागलं ते वहीत लिहिलेलं नाही. वाळला की लगेच, म्हणजे खरंच लगेच, ऑइलचा हात फिरवा, बिडाला दहा मिनिटांत तांबूस गंज धरतो.

बांधणं

बेअरिंगची मागची बाजू आणि ती जिथं बसते ती जागा कोरडी आणि स्वच्छ, ऑइल फक्त जर्नलकडच्या बाजूला. बेअरिंगमधलं भोक ब्लॉकमधल्या ऑइलच्या भोकासमोर आलंय ना ते बघा. क्लिअरन्ससाठी प्लॅस्टिगेजचा धागा मिळतो, कोरड्या जर्नलवर ठेवून कॅप टॉर्कनं आवळायची, क्रँक न फिरवता परत खोलायची आणि चपटा झालेला धागा कागदावरच्या पट्टीशी जुळवायचा. नव्या कामात साधारण ०.०२ ते ०.०४ मिमी यायला पाहिजे.

प्रत्येक रिंग आधी तिच्याच बोअरमध्ये सोडा, पिस्टननं ढकलून सरळ करा आणि टोकांमधली फट मोजा. वरच्या दोन रिंगांना ०.१५ ते ०.३५ च्या दरम्यान ठीक. कमी असेल तर बारीक कानशीनं टोक घासा, कारण तापल्यावर टोकं भिडली तर रिंग मोडते. अक्षर असलेली बाजू वर, फटी एकाखाली एक येऊ द्यायच्या नाहीत. पिस्टनवरचा बाण क्रँक पुलीकडं. रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवा म्हणजे क्रँकला ओरखडा जात नाही. रिंग कॉम्प्रेसर लावून हातोड्याच्या लाकडी दांड्यानं पिस्टन आत सरकवायचा, कुठं अडला तर थांबायचं, जोर केला की रिंग गेलीच.

प्रत्येक पिस्टन घातल्यावर क्रँक हातानं फिरवून बघा. एकदम जड झालं तर तोच पिस्टन काढा, तिन्ही घालून मग शोधत बसू नका. रॉडचे नट साधारण ३ केजी-मीटर, हेडचे बोल्ट साडेपाच ते सहा, आणि हेड एकदम नाही, तीन टप्प्यांत, मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला जात. हेडचं पॅकिंग कोरडंच घालायचं, त्यावर सिलिकॉन फासू नका. तसंच चेंबरच्या पॅकिंगवर पण जास्त सिलिकॉन नको, आत सुटलेला तुकडा ऑइलच्या जाळीत जाऊन बसतो.

ऑइल पंप कोरडा बसवू नका, आत ऑइल भरून बसवा. टाइमिंग बेल्ट नवीनच, सोबत टेन्शनर. खुणा जुळवून बेल्ट लावला की क्रँक पान्यानं दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि खुणा परत बघायच्या. कुठं काही टेकल्यासारखं वाटलं तर तिथंच थांबा. टॅपेटची (व्हॉल्व्हवरची) फट थंड इंजिनावर लावायची, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-२ आहे, एका सिलिंडरचं झालं की क्रँक २४० अंश पुढं आणि पुढचा सिलिंडर. डेल्को (डिस्ट्रिब्युटर) काढताना रोटरचं तोंड कुठं होतं त्याचा फोटो आता कामाला येतो.

पहिली चावी

प्लग काढून ठेवा, कॉइलची वायर काढा, ऑइल भरा आणि सेल्फ थोडा थोडा मारत राहा, डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. विझल्याशिवाय प्लग लावायचे नाहीत. मग चालू. पहिल्यांदा सायलेन्सरमधून इतका धूर येतो की शेजारी बाहेर येतात, असेंब्लीचं ऑइल जळतं ते, पाचेक मिनिटांत कमी होतं. पंधरा-वीस मिनिटं दीड-दोन हजार आरपीएमवर ठेवा, टेम्परेचरच्या काट्यावर एक डोळा आणि खाली टॉर्च मारून गळतीवर दुसरा. मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, टॅपेट परत तपासा.

पहिले ५०० किलोमीटर साठच्या वर नको, पण एकाच स्पीडला पण नको, रिंगा बसायला लोड कमी-जास्त व्हावा लागतो. मी रोज संध्याकाळी कागलपर्यंत हायवेनं जाऊन यायचो. ५०० ला ऑइल आणि फिल्टर बदललं, जुन्या ऑइलमध्ये लोहचुंबक फिरवला, बारीक राखाडी पीठ लागलं, ते चालतं, कण किंवा चकाकणारे तुकडे दिसले तर बेअरिंग बघायला लागतात.

वहीतला हिशोब असा: मशीनकाम ६,५००, पिस्टन-बेअरिंग-पॅकिंग-बेल्ट धरून पार्ट ९,८००, ऑइल-कुलंट-फिल्टर २,९००, हत्यारं आणि किरकोळ २,२००, आणि ते वाया गेलेले ११००. एकूण २२,५००.

हजार किलोमीटर झाल्यावर मामाला शेजारी बसवून जोतिबाला निघालो. काटा निम्म्यावर, धूर नाही, मामा खूश. घाटात दुसऱ्या गिअरवर पाय दाबला तर इंजिन ओरडतंय आणि गाडी काय तेवढी पळेना. क्लच प्लेट घसरत होती. इंजिन-गिअरबॉक्स वेगळं करून दोन महिने समोर पडलं होतं, प्लेट हातात घेऊन पुसून परत बसवली होती मी, म्हटलं अजून चालेल, पैसे वाचतील. आता तेवढ्यासाठी गिअरबॉक्स परत खाली. तुमचं इंजिन बाहेर असेल तेव्हा क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकची मागची ऑइल सील, ही तीन नवीनच टाका.